कानस, गुण्या आणि पप्पा

बारावी सायन्सनंतर मी एफवाय बीएस्सीला प्रवेश घेतला, कारण सगळे घेत होते. दिवाळीपर्यंत लक्षात आलं की ही डिग्री घेऊन नेमकं कोणतं काम करता येईल, हे वर्गात कुणालाच सांगता येत नाही. मला आयटीआयला जाऊन फिटर व्हायचं होतं.

अडचण पप्पांची. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. पप्पा अंबड एमआयडीसीत बावीस वर्षं ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. "मी उभ्याने जन्म काढला तो तू खुर्चीत बसावं म्हणून," एवढं बोलून ते ताटावरून उठले. त्यांचा राग मला समजत होता. पण फिटरचं निम्मं काम त्यांना येतं. कागद नाही म्हणून ते हेल्परच राहिले. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, हे मामाने त्यांना दोन रविवार बसून समजावलं. त्यानंतर ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

प्रवेश ऑनलाइन असतो. मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं, बारावीचे धरत नाहीत. अर्ज भरला की आयटीआयत जाऊन मूळ कागदपत्रं दाखवून तो निश्चित करायचा, मग विकल्प भरायचे, म्हणजे कोणतं आयटीआय आणि कोणता ट्रेड हवा ते. पहिला विकल्प लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून तो नीट विचार करून टाका. मला सातपूरला फिटर मिळालं. कॉलेजने दाखल्यासाठी मात्र पंधरा दिवस खेटे घालायला लावले, शेवटची तारीख हुकता हुकता राहिली. कॉलेज सोडून येणाऱ्यांनी दाखल्याचा अर्ज सगळ्यात आधी द्यावा.

सुरुवातीचे महिने नुसती कानस. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि घासायचा. पुढे जाताना दाब, मागे येताना हात सैल. दातांत कीस अडकू नये म्हणून कानशीला खडू चोळायचा. मग गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून जॉब, म्हणजे तो घासलेला तुकडा, उजेडासमोर धरायचा: मधून उजेड दिसला की तिथे खोलगट आहे, पुन्हा घासा. माझी कड दर वेळी दोन्ही टोकांना उतरायची. सरांनी एक दिवस माझा खांदा धरला आणि म्हणाले, "कानस डुलतेय. पाय रोव, जोर अंगातून येऊ दे." तळहाताचे फोड फुटून कातडी घट्ट झाली तेव्हा कुठे पहिली कड सपाट निघाली. बारावीत पाठ करून विसरलेली त्रिकोणमिती इथे वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये पुन्हा भेटली आणि या वेळी कळली, कारण तो कोन मला स्वतःच्या हाताने काढायचा होता.

एकदा सरांना विचारून एक जॉब घरी आणला. पप्पांनी काही न बोलता कपाटावरून त्यांचा जुना गुण्या काढला, ट्यूबलाइटखाली जॉब धरला, एक डोळा मिटला. बराच वेळ बघत होते. "या कोपऱ्यात जरा उजेड येतोय," म्हणाले, "बाकी बरोबर आहे."

आता अंबडलाच एका कारखान्यात माझी वर्षभराची अप्रेंटिसशिप चालू आहे. स्टायपेंड थोडाच आहे, पण वेळेवर येतो. पॉलिटेक्निकचा फॉर्म यंदा भरणार आहे. पप्पांची आणि माझी पहिली पाळी जुळली की आम्ही एकाच गाडीवर जातो. आधी माझं गेट लागतं, मग त्यांचं.