चार पट्टे दिसले म्हणून कास्मिरा ठरत नाही

पिवळ्याधमक अंगावर निळे आडवे पट्टे. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या प्रवाळांवर असा थवा दिसला की बहुतेक जण 'ब्लूस्ट्राइप स्नॅपर' म्हणजे लुट्जानस कास्मिरा अशी नोंद करून मोकळे होतात. आपल्या तांबोशीच्याच कुळातला हा मासा. पण त्याच रंगाचे भाऊबंद त्याच पाण्यात फिरतात, आणि घोळ तिथेच होतो.

आधी पट्टे मोजा, मग नजर पोटाकडे न्या. कास्मिराला ठळक निळे पट्टे चार. त्याखाली पोट पांढरट, आणि त्यावर फिकट करड्या बारीक रेघा. पट्टे चारच पण पोट कोरं पांढरं असेल, तर तो लुट्जानस बेंगालेन्सिस. पाच पट्टे आणि पोटापर्यंत पिवळा रंग असेल, तर क्विन्क्विलिनिएटस. पाण्यात बघताना पोटावरच्या रेघाच सगळ्यात उपयोगी, आणि नेमक्या त्याच फोटोत हरवतात. वरून काढलेल्या फोटोत पोट सावलीत जातं, म्हणून माशाच्या पातळीवर उतरून बाजूने फोटो घ्या.

मेलेल्या माशाचा रंग उतरतो, पट्ट्यांवर भरवसा राहत नाही. तेव्हा पाठीवरचा पर उभा ताणून काटे मोजायचे: कास्मिराला 10, बेंगालेन्सिसला 11, क्वचित 12. सर्वांत पुढचा काटा आखूड असतो, परात दबलेला राहतो आणि मोजताना सुटतो. तो सुटला की बेंगालेन्सिसचा कास्मिरा होतो! म्हणून डोक्याकडून, नखाने चाचपत मोजा. क्विन्क्विलिनिएटसलाही काटे 10च, त्यामुळे तिथे मात्र पट्टे आणि पोटच बघावं लागतं.

एक मासा ओळखून अख्ख्या थव्याला तेच नाव देऊ नका. दिवसा हे मासे मिसळून थांबतात, रात्री चरायला पांगतात.

हवाईत काम सोपं, कारण हे भाऊबंद तिथे नाहीत. कास्मिराही मुळात तिथला नव्हेच. 1958मध्ये दक्षिण प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवरून आणून सोडला, आता सगळ्या द्वीपसमूहात पसरलाय. तिथे त्याला ताआपे म्हणतात. उलट मार्केसासमध्ये खरी गंमत आहे: म्युलॉइडिक्थिस मिमिकस हा गोटफिश हुबेहूब हेच पिवळं-निळं रूप घेऊन कास्मिराच्या थव्यात घुसतो. त्याच्या हनुवटीखाली दोन मिशा असतात आणि पाठीवरचे पर दोन, सुटे. मिशा दुमडून ठेवल्या असतील तर दिसत नाहीत, म्हणून पाठच बघा.