वाळलात की ओ अक्का!

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत हल्ली ओळखीचं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "वाळलात की ओ अक्का! शुगर निघाली काय?" साठी ओलांडलेल्या बाईचं वजन उतरलेलं दिसलं की आपल्याकडे आधी दुखणंच आठवतं. त्या विचारण्यामागची माया मला कळते, आणि शंका अगदीच निराधारही नसते. खाणंपिणं तेच, कामधाम तेच, तरी सहा महिने-वर्षाच्या आत वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टर गाठलाच पाहिजे. सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो म्हणजे ते पाच टक्के. मधुमेह, थायरॉइड, पोटाचं दुखणं, कधी कॅन्सरही त्यामागे असू शकतो. ब्लाउज सैल झाला म्हणून खूश होऊन कुणी गप्प बसू नये.

माझं वजन ठरवून उतरलं. ७६ किलोवरून ६५ वर. वय ६३, उंची पाच फूट. सव्वा वर्षाच्या आसपास लागलं, आणि इतका वेळ लागला याचं मला समाधान आहे. या वयात कुणी "महिन्यात दहा किलो" असं सांगत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, असं मी हात जोडून सांगते. का ते पुढे लिहिते.

आमचा घरगुती व्यवसाय कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा. मागच्या खोलीत चार बायका भाकरी बडवायला येतात, उखळात चटणी कुटली जाते, सकाळी आठपासून घरभर भाजलेल्या शेंगांचा वास असतो. सगळं काम बसून. पाटावर बसायचं, उठायचं तर हात टेकून. मग गुडघे बोलायला लागले. रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.३ आली. ६.५ पासून मधुमेह धरतात, तेव्हा मी उंबरठ्यावरच होते. कंबर ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या पुढे धोका मानतात, पुरुषांसाठी ९० च्या पुढे. पाळी गेल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि पोटातली ही चरबीच साखर-रक्तदाबाला जास्त त्रास देते, हे डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं.

त्यांनी दुसरी जी गोष्ट सांगितली, तिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. माणूस वजन उतरवतो तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा त्यांचा असू शकतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू थोडे थोडे झिजतच असतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. त्यात उपाशी राहून झपाट्यानं वजन पाडलं तर काटा खाली येईल, पण न्हाणीघरातून उठताना आधार शोधावा लागेल. तरुणपणी गेलेलं मांस परत भरून येतं. आपल्या वयात ते फार कष्टानं येतं. पडलं, खुबा मोडला, की वजन किती होतं हे कोण विचारतं? म्हणून वजन उतरवायचं ते ताकद राखून. बाकी सगळं यातूनच येतं.

आता पानाबद्दल. आमच्याकडे वजनकाटा धंद्याचा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एका सकाळी मी माझ्या रोजच्या भाकरीचा उंडा परातीतून उचलून थेट काट्यावर ठेवला, मग नुसतं पीठ मोजलं. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ. दुपारी दोन, रात्री दोन, म्हणजे ३२० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३० ते ३५० कॅलरी. तेव्हा हजाराच्या वर कॅलरी नुसत्या भाकरीतूनच पोटात जात होत्या. मालदांडी ज्वारी मी सोडली नाही, सोडणारही नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ साल तर सगळ्या जगानं भरडधान्यांचं म्हणून पाळलं, आणि आपण आपल्याच अंगणातली भाकरी टाकून ओट्सच्या पिशव्या आणाव्यात हे मला पटत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. पोट धरून ठेवते ती. मी एका भाकरीचं पीठ ५० ग्रॅमवर आणलं आणि दिवसाला चार भाकरी तशाच ठेवल्या. परातीत बसणारा हात तोच, फक्त भाकरी लहान आणि पातळ. मोजलेल्या चार भाकरी पानात पडतात, तेव्हा मनाला काही कमी केल्यासारखं वाटत नाही.

शेंगा चटणीचं मात्र मोजूनच खावं लागतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. आमच्याकडचा पोह्याचा शिगोशीग चमचा चटणी घेतो बारा ग्रॅम, म्हणजे पासष्टेक कॅलरी. जेवताना सहज तीन-चार चमचे जातात आणि वरून तेलाची धार. मी दुपारी एक, रात्री एक चमचा ठेवला, आणि तेलाऐवजी दही. दह्यात कालवलेली कुटलेली चटणी, लसणाचा तो ठसका, आणि कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यानं उचलायची. यापेक्षा चांगलं जेवण मला कुणी दाखवावं.

तेलाचा हिशेबही काढला. घरात माणसं चार आणि महिन्याला डबा पाच लिटरचा. माणशी रोज ३८ ग्रॅम पडत होतं, चटणीतल्या शेंगांचं तेल वेगळंच. आता महिन्याला तीन लिटर पुरतं. फोडणी चमच्यानं मोजून, भजी-पापड सणावारी. चहा चार वेळा, दर वेळी दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. दोन चहा बंद केले, उरलेल्या दोन्हींत अर्धा चमचा.

भाकरी उतरवली तिथं काहीतरी भरलं पाहिजे, आणि ते प्रथिनांनी भरावं. निरोगी माणसानं साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅमच्या जवळ प्रथिनं घ्यावीत, असं या विषयातले जाणकार सांगतात. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांनाच विचारा, मनानं वाढवू नका.) माझ्या ६५ किलोला ६५ ते ८० ग्रॅम. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. बेरीज अशी लागते: दोनशे ग्रॅम ज्वारीतून वीस, ऐंशी ग्रॅम सुक्या कडधान्य-डाळीतून अठरा, अर्धा लिटर दूध-दह्यातून सोळा, चटणीतून पाच-सहा. झाले साठ. उरलेल्यासाठी मूठभर भिजवलेलं सोयाबीन उसळीत किंवा थोडं घरचं पनीर. मटकी, हुलगे, चवळी आळीपाळीनं. गरगट्ट्यात पालेभाजी दुप्पट आणि डाळही हात सैल सोडून. बऱ्याच घरांत पातळ वरणाचं पाणी भातावर ओतलं की डाळ खाल्ली असं समजतात. त्या वाटीत डाळ किती असते ते एकदा बघा.

उपवासांबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर, एकादशी घरोघर. एकादशी देवासाठी करावी, मनापासून करावी. पण साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट. त्यात शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. ती खिचडी खाऊन वजन उतरेल ही आशा धरू नये. मी त्या दिवशी भगर, ताक आणि राजगिरा घेते.

आता व्यायाम. पहाटे कंबर तलावाच्या बाजूला चालायला जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४४ वर जातो, म्हणून मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सात वाजण्याच्या आत घरात. या वयात तहान उशिरा लागते, तेव्हा निघण्याआधी तांब्याभर पाणी पिऊनच निघायचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा भराभर चालण्याइतका व्यायाम सांगते. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. त्याचबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही समावेश असलेला, असंही त्यांचं सांगणं आहे. ही दुसरी बाजू आपल्याकडच्या बायकांपर्यंत पोहोचतच नाही. "मी रोज चालते की" म्हणतात आणि तिथं थांबतात.

मला फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं खुर्ची दिली. साधी, हात नसलेली, पाठ भिंतीला लावलेली. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, पावलं खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या जराशा मागे. नाक पुढे न्यायचं, मग उठायचं. उठताना सगळा जोर टाचांत आणि मांडीच्या वरच्या भागात यायला हवा. सरळ उभं राहून एक श्वास. खाली बसताना धप्पकन पडायचं नाही. तीन मोजत, जणू खुर्चीवर अंडी ठेवली आहेत अशा बेतानं टेकायचं. खरं काम त्या खाली बसण्यातच होतं, मांड्या थरथरतात तेव्हा कळतं. सुरुवातीला उशी ठेवून खुर्ची उंच केली होती. नंतर उशी काढली. आता दोन्ही हातांत दोन-दोन किलोच्या पिठाच्या पिशव्या घेऊन उठते. भिंतीवर तळवे टेकून ढकलणं, पायरीवर चढ-उतार, आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं, एवढंच बाकीचं.

दुपारी चारला कामाच्या खोलीत आता सगळ्याच बायका खुर्चीचा व्यायाम करतात. पूर्व भागातून येणारी आमची एक तेलुगू सखी पन्नाशीची, आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, मांडी घालून बसून बसून कंबर धरलेली. ती मोजते "ओकटी, रेंडू, मूडू", दुसरी कानडीत "ओंदु, येरडु", आणि आम्ही मराठीत. कोणाचा आकडा कुठं पोहोचला याचा गोंधळ होतो, म्हणून आता तेलुगूतच मोजायचं ठरलंय.

एक गोष्ट फार महत्त्वाची. सातेक किलो उतरल्यावर मला अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बसवून आणि उभं करून रक्तदाब मोजला, उभं राहिल्यावर तो खाली जात होता. वजन कमी झालं, मीठही जरा कमी झालं होतं, तेव्हा रक्तदाबाची जुनी गोळी आता जास्त होत होती. त्यांनी डोस अर्धा केला आणि अंधारी थांबली. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या, विशेषतः इन्सुलिनच्या, औषधांवर असणाऱ्यांनी वजन उतरवायला घेण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावं. गोळी आपल्या मनानं कमी करू नये आणि जुनीच ओढतही राहू नये. शाकाहारी माणसांनी बी-ट्वेल्व्हही तपासून घ्यावं. पायात मुंग्या, थकवा हे सगळं वयावर ढकलायचं नसतं.

आता साखर ५.८, कंबर ८८. गुडघे पूर्ण बरे झाले असं म्हणणार नाही, पण जिना चढताना कठड्याकडे हात जात नाही. गुडघेदुखीच्या वयस्कर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसलंय की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. माझे अकरा, म्हणजे पावलामागे ४४ किलो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत या जानेवारीला नंदीध्वजांच्या मागे बाळीवेशीपासून बरंच अंतर अनवाणी चालले. सूनबाई दोनदा म्हणाली, "आत्या, रिक्षा बघू का?" मला गरज वाटली नाही. तक्त्याप्रमाणे मी अजूनही जाडच. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आकडा पुढे ढकलू नका, आहे ते टिकवा आणि ताकद वाढवा. मलाही तेच हवंय.

पुढच्या महिन्यात अक्कलकोटहून माझी थोरली जाऊ येतेय, हेच सगळं सुरू करायला. आधी तिच्या तपासण्या, मग खुर्ची, मग काटा. भाकरी लहान केली तर रात्री भूक लागते ही तिची तक्रार फोनवरच आली आहे. तिच्यासाठी हुलगे भाजून दळून ठेवलेत. दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, थोड्या तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिंग आणि कढीपत्ता टाकून त्यात दोन वाट्या पाणी उकळायचं, वर हे पीठ सोडून सतत ढवळत दाटसर होऊ द्यायचं, शेवटी मीठ आणि दोन आमसुलं. या माडग्यात लहान भाकरी कुस्करून खाल्ली की सकाळपर्यंत पोट काही मागत नाही.