प्रतीक्षाधीनचा गठ्ठा

माझे वडील तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते. त्यांच्या टेबलामागच्या कपाटात लाल कापडात बांधलेले सहा गठ्ठे असत: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांची ही सहा गठ्ठे पद्धत. शाळकरी वयात मला त्यातल्या फक्त गाठी दिसत.

पुढे नोकरी आणि घर यांची कामे एकमेकांत गुंतू लागली, तेव्हा मी डेव्हिड अ‍ॅलन यांनी 2001 साली ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकातून मांडलेली पद्धत धरली. डोक्यातले सगळे कागदावर उतरवायचे, प्रत्येक कामातली पुढची प्रत्यक्ष कृती ठरवायची, दोन मिनिटांत उरकणारे काम तिथल्या तिथे करून टाकायचे आणि आठवड्यातून एकदा सर्व याद्या तपासायच्या. दोन मिनिटांचा नियम तर इतका अंगवळणी पडला की, सकाळचे दोन तास अशा किरकोळ कामांतच जाऊ लागले.

फसगत मात्र निराळ्याच ठिकाणी झाली. सासूबाईंच्या आजारपणाचा विमादावा मी सर्व मूळ बिले जोडून दाखल केला, पोच घेतली, यादीतल्या त्या ओळीवर काट मारली आणि विषय मनातून काढून टाकला. चार महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा एका सहीअभावी तो अर्ज तिथेच पडून असल्याचे कळले. माझे काम संपले होते, प्रकरण संपले नव्हते. दुसऱ्यांकडे अडकलेल्या गोष्टींसाठी अ‍ॅलन यांनी वेगळी यादी सांगितलेली आहे, पण इतरांनी करायच्या कामांची नोंद आपण कशाला ठेवायची, अशा समजुतीने मी ती कधी लिहिलीच नव्हती. हे ऐकून वडील एवढेच म्हणाले, “म्हणजे तू प्रतीक्षाधीनचा गठ्ठाच बांधला नाहीस.”

आता माझ्या वहीची शेवटची आठ पाने त्या गठ्ठ्यासाठी राखलेली आहेत. प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: काय, कोणाकडे, कधी दिले आणि पुन्हा कधी विचारायचे. खरा उपयोग चौथ्या रकान्याचा आहे, कारण तारीख नसली की ती यादी नुसती तक्रारींची वही होते, आणि तारीख असली की मधले दिवस तो विषय निर्धास्तपणे विसरता येतो. रविवारी संध्याकाळी मी फक्त तो रकाना वरून खाली वाचते आणि ज्यांची तारीख उलटली आहे त्यांना फोन करते.

सध्या तिथे अकरा ओळी आहेत. शिंप्याच्या नावापुढे तिसरी तारीख पडली आहे. “जुने फोटो शोधून देतो” असे सांगणाऱ्या वडिलांच्या नावापुढे पाचवी आहे, आणि अव्वल कारकुनाला स्मरणपत्र धाडण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.