तीन रात्री अन् एक पुसट ठिपका

माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण आहे, अन् यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आकाश अजून बऱ्यापैकी काळं आहे, त्यामुळे मिथुन राशीतला एनजीसी २१५८ हा मंद तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा झुबका, एका रात्रीत सापडेल असं वाटलं होतं. सापडला तिसऱ्या रात्री, तोही आधी मला नाहीच.

जागा तशी सोपी. मिथुनच्या पायाशी, मृगाच्या बाजूला एक लालसर तारा आहे, त्याच्यापासून अडीच अंशाच्या आत एम ३५ हा खुला तारकागुच्छ, तो बायनॉक्युलरमधूनही दिसतो. एनजीसी २१५८ त्याच्याच कडेला चिकटल्यासारखा. चिकटलेला नाहीये म्हणा, एम ३५ साधारण २८०० प्रकाशवर्षांवर अन् हा त्याच्या चौपटीहून लांब, शिवाय शंभर कोटी वर्षांहून म्हातारा, मोठे निळे तारे कधीच विझलेले, म्हणून इतका मंद.

पहिल्या रात्री वेळ चुकली. डिसेंबरात साडेबाराच्या पुढे हा भाग आमच्याकडे जवळपास डोक्यावर येतो, अन् डॉब्सोनियनची नळी उभी झाली की जरासं बाजूला जायला अख्खं बूड फिरवावं लागतं, मान मोडली नुसती. दुसऱ्या रात्री शेजारच्या गोठ्यावरचा पांढरा एलईडी आडवा आला. माझंही चुकलंच, टॉर्चला लाल पन्नी लावली पण मोबाईलवर नकाशा फुल ब्राइटनेसवर बघत होतो, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो अन् एका नजरेत सगळं पाण्यात.

तिसऱ्या रात्री आरसा गार व्हावा म्हणून दुर्बीण झोपायच्या आधीच अंगणात ठेवली. पहाटे साडेतीनला उठलो तर लाइन गेलेली, एलईडी आपोआप बंद! मिथुन पश्चिमेला कललेली. ४८ पटीत एम ३५ चे तारे झकास, कडेला मात्र काहीच नाही. डोळे फाडून बघत होतो. तेवढ्यात शेजारचे काका तुरीतली जागल करून आले, डुकरांनी यंदा लय नुकसान केलंय.

"काय पाहून राह्यला बे?"

दाखवलं. थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "हे तारे त दिसते, पण बाजूले पऱ्हाटीच्या काडीले कापूस अडकल्यावानी काय हाये?"

तोच! काकांचे रात्रभर अंधारात बसलेले डोळे, अन् बघत होते ते मोठ्या ताऱ्यांकडे. मी थेट त्या जागेवरच नजर रोखून बसलो होतो, अन् मंद उजेड डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध पकडलाच जात नाही, कडेनं पकडला जातो. पुस्तकात वाचलं होतं हो, पण हात आयपीसवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) असताना आठवेल तर ना. मग मीही एम ३५ कडे बघत राहिलो अन् कडेला हळूच तो धुरकट ठिपका आला, सरळ बघितलं की गायब. दहा एमएमचा आयपीस लावला, १२० पट, तेव्हा जरा दाणेदार भासला, एखादा तारा लुकलुकून गेला पण शपथेवर नाही सांगणार.

काका पुन्हा एकदा वाकले. "येवढ्यासाठी तीन राती?" अन् जाता जाता म्हणाले, "उद्या तुया काकूले दाखवजो, गोठ्यावरचा लाइट मी बंद ठेवतो."