सहावी पायरी

प्रार्थनेसाठी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या एका समूहाच्या वहीत शेवटच्या चौदा सभांची नोंद होती. चौदाही वेळा 'ठरलेलं काम' या रकान्यात एकच ओळ: 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे.' कोण आजारी, कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, याचा कुठेच पत्ता नाही. धर्मग्रामातून, म्हणजे आमच्या भागाच्या चर्चकडून, आलेला निरोप एवढाच होता की या समूहाला हल्ली माणसं येत नाहीत, जरा बघून या. वही पाहिली आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

हा लघु ख्रिस्ती समूह नालासोपाऱ्यातल्या चार इमारतींचा. वसईच्या गावांत समूह उभा करताना हद्द आखावी लागत नाही. आळी असते, आळीचा क्रूस असतो, मे महिन्यात तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. माणसं आधीच जमलेली असतात. तिथली अडचण वेगळी. सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे जमिनीवरून एक भाऊ दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाही, आणि सभा घराऐवजी क्रूसापाशी घ्यावी लागते. इमारतींत उलटं. भांडण नाही, कारण ओळखच नाही.

शनिवारी सकाळी दहाला मी आणि एक सिस्टर (धर्मभगिनी), दोघी कुटुंबांची कार्डं घेऊन निघालो. यादीत ५४ कुटुंबं. दुपारी एकपर्यंत कळलं की त्यातली नऊ घर सोडून गेलीत आणि सहा नवी आलीत, ज्यांची नावं कुठेच नाहीत. इथली बरीच घरं भाड्याची, करार अकरा महिन्यांचा. म्हणून यादी वर्षातून एकदा तपासून भागत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक जिन्याची यादी त्या जिन्यातल्याच एका माणसाने बघायची. कार्डावर लिहायचं ते नाव, मजला, घरातली भाषा, कामाची पाळी, आणि घराबाहेर पडू न शकणारं कुणी आहे का. पगार आणि कर्ज विचारायचं नाही. ते एकदा विचारलं की पुढच्या वेळी दार साखळीपुरतंच उघडतं.

एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी होत्या. जानेवारीत पडल्यापासून खाली उतरल्या नव्हत्या. लेकीकडे राहायला आलेल्या, म्हणून नाव जुन्या धर्मग्रामात राहिलेलं आणि आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, नेतात त्या यादीत नाही. शेजारच्या जिन्यातच चौदा वेळा 'आजाऱ्यांसाठी' प्रार्थना झाली होती. सिस्टरांनी कार्डावर लाल पेनाने गोल केला, दुसरं काही बोलल्या नाहीत.

रात्री साडेआठला सभा. विरार लोकलने येणाऱ्यांना त्याआधी जमत नाही, आणि दहानंतर गाणं झालं की सोसायटीचे सेक्रेटरी बेल वाजवतात. मधला दीड तास आपला. खोली दहा बाय बाराची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या शेजारून आणलेल्या, टीव्हीवर टॉवेल, मधे स्टुलावर शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, आणि मेणबत्ती. खुर्च्या गोलात लावायच्या, आणि सभा चालवणाऱ्याने सोफ्यावर बसायचं नाही. सोफ्यावरचा माणूस आपोआप अध्यक्ष होतो. चपला दाराबाहेर पसरल्या होत्या, त्या कडेला रचून ठेवल्या. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा चपलांवरूनच सुरू होतात. आले किती? सात बायका, एक निवृत्त सर.

सभेसाठी आम्ही वापरतो ती बायबल-वाचनाची सात पायऱ्यांची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली. आशियातल्या बिशपांनी १९९० साली इंडोनेशियातल्या बांडुंगला 'समूहांचा समूह' अशी चर्चची कल्पना मांडली, त्यानंतर ही पद्धत आपल्याकडेही चांगली रुळली. प्रभूला बोलावणं, वाचन, शब्द निवडणं, शांतता, मनातलं सांगणं, काम ठरवणं, प्रार्थना. कागदावर सोपी आहे.

येत्या रविवारचं शुभवर्तमान लूक १०:३८ ते ४२, मार्था आणि मरिया: येशू घरी आलेला, मार्था पाहुणचाराच्या कामात, आणि बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय. एकदा मराठीत, मग दुसऱ्या बाईंनी इंग्रजीत वाचलं. तिसऱ्या पायरीत आपल्याला भिडलेला शब्द नुसता उच्चारायचा, तीनदा, मधे थोडं थांबून. एक बाई म्हणाल्या, "काळजी व दगदग." दुसऱ्यांदा म्हणायच्या आत सरांनी खुलासा सुरू केला: मूळ ग्रीक, बेथानी गाव, तेव्हाच्या चालीरीती. माहिती चांगली होती. पण इथेच सभेचं प्रवचन होतं आणि बाकीचे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता. "सर, आता फक्त शब्द. ग्रीक चहाच्या वेळी," असं हसत म्हणावं लागतं, आणि चहाच्या वेळी खरंच ऐकावं लागतं, नाहीतर सर पुढच्या वेळी येत नाहीत.

शांततेला तीन मिनिटं धरतो. नवीन समूहात एकच, कारण तीन मिनिटं गप्प बसायची सवय कुणालाच नसते. त्या शांततेत स्वयंपाकघरातून तेलाचा चर्र आवाज येत होता. ज्यांच्या घरी सभा होती त्या बाई कटलेट तळत होत्या.

पाचव्या पायरीचा नियम: 'मला' म्हणायचं, 'आपण सर्वांनी' म्हणायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यावर उत्तर द्यायचं नाही. दोघींचं बोलून झालं, आणि झारा हातात घेऊन त्या बाई दारात आल्या. म्हणाल्या, "माझा नंबर आला की दोन दिवस आधीपासून मी हिशोब करते, कटलेट किती, पाव किती. माझ्या घरचं वाचन मी एकदाही बसून ऐकलेलं नाही."

कोपऱ्यातून एक आवाज आला, "म्हणून तर आम्ही सभेला घर देत नाही." उत्तर द्यायचं नाही हा नियम मोडला होता. मी थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. कुणीतरी बिस्किटांवरून सँडविचवर गेलं, पुढचं पॅटिसवर, पुढचं कटलेटवर. एका खोलीत राहणाऱ्यांनी आधी घर द्यायचं बंद केलं, मग यायचंही बंद केलं, कारण खाऊन येतो आणि खायला घालत नाही याची लाज. माणसं देवाला कंटाळली म्हणून येत नाहीत, असं समजून आपण भाषणं वाढवतो, आणि अडलेलं असतं कटलेटपाशी.

सहावी पायरी बहुतेक समूह गाळतात. साडेनऊ वाजलेले असतात, सगळे दमलेले, म्हणून 'प्रार्थना करू' म्हणून मोकळे होतात. कामाला तीन प्रश्न लावायचे: कोण, काय, कधी. ज्याला पुढच्या वेळी 'झालं' अशी खूण करता येत नाही ते काम नव्हे. सिस्टरांनी लाल गोलाचं कार्ड स्टुलावर ठेवलं. वहीत तीन ओळी लिहिल्या गेल्या. एक: आजींची लेक बँकेत जाईल तेव्हा मंगळवारी अकरा ते एक अमुक बाई त्यांच्यापाशी बसतील. दोन: कम्युनियनच्या यादीत नाव घालायला रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सर फादरांना भेटतील. तीन: यापुढे नुसता चहा.

विभागणीचा प्रश्न उरला होता. नऊ गेली, सहा आली, म्हणजे ५१ कुटुंबं, एका समूहाला जास्त. पंधरा-वीस घरं ठीक, खोलीत पंचवीस माणसं झाली की निम्मी तोंड उघडत नाहीत. दोन-तीन जणींना भाषेप्रमाणे समूह हवे होते: मल्याळी वेगळा, कोकणी वेगळा, मराठी वेगळा. मागणी गैर नाही, प्रार्थना आईच्या भाषेतच सुचते. पण मल्याळी घरं चारही इमारतींत विखुरलेली, आणि रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं झालं तर दार शेजारचंच वाजवतात. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. त्यावर मंडळी भाषेप्रमाणे फोडली नाही, सात माणसं नेमली. आम्ही जिन्यांप्रमाणे तीन समूह केले, प्रत्येकी सतरा घरं, वाचन दोन भाषांत, आणि सातव्या पायरीची प्रार्थना ज्याची त्याच्या भाषेत.

पंधरा दिवसांनी त्याच जिन्यातली सभा एका खोलीच्या घरात झाली. खुर्च्या मावल्या नाहीत म्हणून सतरंजी. अकरा जण. सुरुवातीलाच वही उघडली: पहिल्या ओळीपुढे खूण. दुसरी रिकामी, सर विसरले होते. तीच ओळ तारीख घालून पुन्हा लिहिली. तिसऱ्या ओळीवर थोडी कुजबुज झाली, कारण चहाबरोबर एका डब्यात नानकटाई आली होती. आणणाऱ्या बाई म्हणाल्या, "ही मुलांसाठी आहे." मुलं त्या दिवशी एकच होतं, आठ महिन्यांचं.