सॉफ्टवेअर भाड्याने घेण्यापूर्वी

व्यवसायाचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवावे की महिन्याच्या भाड्याने दुसऱ्या कंपनीवर सोपवावे, ही चर्चा बहुधा खर्चापासून सुरू होते आणि खर्चापाशीच संपते. त्यातही स्वतःच्या सर्व्हरचा खर्च म्हणून केवळ यंत्राची किंमत धरली जाते. बॅकअप, सुरक्षेची अपडेट्स आणि रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस हिशेबात येतच नाही. तो एकमेव जाणकार माणूस नेमका रजेवर असताना सर्व्हर बंद पडल्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला भाडे महाग वाटत नाही. ईमेलसारखी, सगळ्यांची गरज जवळपास सारखीच असलेली कामे बाहेर द्यावीत, याबद्दल मला आता शंका नाही.

अशा भाड्याच्या करारात बहुधा ९९.९ टक्के उपलब्धतेची, म्हणजे तेवढा वेळ सेवा चालू राहण्याची, हमी असते. हा आकडा भारदस्त दिसतो, पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास होतात, आणि हमीचा हिशेब वर्षाचा असेल, तर ते पगाराच्या दिवशीच आले तरी हमी मोडत नाही. मोडलीच, तर भरपाई बहुधा बिलातील सवलतीपुरती असते. आपले बुडालेले काम त्यात धरलेले नसते. मोठ्या नावामुळेही यातून सुटका होत नाही: २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवण्याच्या सेवेत एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना चूक केली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास कोलमडली.

तरीही बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू होते. मला अधिक धास्ती वाटते ती सेवा सोडण्याची वेळ येते तेव्हाची. निर्व्हानिक्स या क्लाउड स्टोरेज (इंटरनेटवरून डेटा साठवून देणाऱ्या) कंपनीने गाशा गुंडाळताना सप्टेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना आपला डेटा हलवण्यासाठी सुरुवातीला जेमतेम दोन आठवडे दिले होते. आमच्यावर इतकी घाई आली नव्हती, तरी बिलिंगची एक सेवा बदलताना पुरती दमछाक झाली. डेटा बाहेर काढण्याचे, म्हणजे एक्सपोर्टचे, बटण होते आणि सीएसव्ही (साध्या मजकुरातील तक्त्याची) फाइलही मिळाली. पण जोडलेल्या पावत्यांच्या जागी केवळ लिंका होत्या, ज्या खाते बंद होताच निकामी होणार होत्या, आणि कोणी कोणत्या बिलात कधी बदल केला याची नोंद तर फाइलमध्ये नव्हतीच. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडल्यावर ग्राहक क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गळाली, ती चूक मात्र आमचीच.

तेव्हापासून चाचणीच्या मुदतीत मी वैशिष्ट्यांची यादी नंतर पाहतो. आधी वीसेक खरी बिले भरतो, ती बाहेर काढतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चढवून पाहतो. पगारपत्रक या परीक्षेत उत्तीर्ण झाले, म्हणून बाहेर गेले. दरपत्रके तयार करणारा आमचा जुना प्रोग्रॅम मात्र कार्यालयातच आहे, कारण त्यातील सूत्रे बाहेर काढून देणारी सेवा मला अजून मिळालेली नाही.