गेमवर बोटं चालतात, मग तबल्यावर का नाही?

"काय बे, गेम खेळायला बोटं बरी चालतात की!" हे मला सोलापूरच्या नवी पेठेत ऐकवलं गेलंय, एसटी स्टँडवर ऐकवलं गेलंय, लग्नाच्या पंगतीत जेवण मध्येच थांबवून ऐकवलं गेलंय. म्हणणारे बहुतेक माझ्या जवळचेच. त्यांनी मला हुतात्मा स्मृती मंदिरात तबल्याच्या साथीला बसलेलं पाहिलंय, मी बसायचं का थांबवलं तेही त्यांना ठाऊक आहे. पण माझ्या हातात ते गेमचं जपानी यंत्र दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटते: याचं दुखणं खरं आहे ना? दर वेळी अर्धंमुर्धं सांगून मी विषय बदलतो. तुम्हीही तेच विचारलंत, गेमवर बोटं चालतात मग तबल्यावर का नाही, म्हणून आज पूर्ण सांगतो.

पहिली गोष्ट, हे दुखणं दुखत नाही. हे सांगितलं की लोकांची शंका आणखी वाढते, पण खरं तेच आहे. कळ नाही, सूज नाही, मुंग्या नाहीत. याला 'टास्क-स्पेसिफिक फोकल डिस्टोनिया' म्हणतात. एका ठरावीक कामापुरताच हात बिघडतो. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते; वर्षानुवर्षं तीच बारीक हालचाल वेगाने करणाऱ्यांपैकी काहींच्या मेंदूत शेजारच्या बोटांच्या त्या जागा एकमेकींत मिसळतात. मग एका बोटाला दिलेला हुकूम दुसरंही ऐकतं. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला हे होतं, आणि बहुतेकदा त्यात अनामिका आणि करंगळी सापडतात. माझी अनामिका सापडली.

मी सही करतो, शर्टाची बटणं लावतो, भाकरी मोडतो, स्कूटरचा ब्रेक दाबतो. उजव्या हाताला कुठेही काही नाही. तोच हात तबल्यावर ठेवला, अनामिकेला शाईची, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाची, कड लागली, की बोट तळव्याकडे वळायला लागतं. मी वळवत नाही, ते वळतं. आमच्या पद्धतीत 'तिरकिट' या बोलातला 'ति' मधलं बोट, अनामिका आणि करंगळी मिळून पडतो. अनामिका आत गेली की तो 'ति' पडत नाही, नुसता खरडतो. रेला, म्हणजे वेगात सलग वाजणारे बोल, तर सोडूनच द्या.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ च्या सुमारास असाच गेला. तेव्हा ते पस्तिशीत होते, नाव झालेलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत होते, शिकवत होते. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी त्यांना फरक पडला आणि नव्वदच्या दशकात ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. हे मी सांगतो तेव्हा लगेच विचारतात, "मग तू का नाही घेत इंजेक्शन?" घेतलं. अनामिका सैल पडली, पण तिच्याबरोबर मधल्या बोटाचा जोरही गेला, आणि तीनेक महिन्यांत औषध उतरल्यावर सगळं होतं तिथेच आलं. एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला पडतंच असं नाही.

आता गेमचं. 'ताइको नो तात्सुजिन' हा मुळात नामको कंपनीचा, २००१ साली जपानच्या गेम पार्लरमध्ये आलेला ढोलाचा खेळ. माझ्याकडे आहे ती त्याची पीएसपीवरची, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या गेमयंत्रावरची, आवृत्ती, 'पोर्टेबल डीएक्स', २०११ ची. चुलतभाऊ कामानिमित्त जपानला होता, त्याने मशीन आणि चकती दोन्ही जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं. पीएसपीच्या खेळांना देशाचं कुलूप नसतं, तिकडची चकती इकडच्या मशीनवरही चालते. या चकतीवर मात्र सगळं जपानीत. मला जपानी येत नाही. तिथे गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, एवढं समजलं की पुढचं हात शिकतो.

पडद्यावर उजवीकडून ठोके सरकत येतात. लाल म्हणजे 'दोन' (आकडा नव्हे, ठोक्याचा जपानी बोल), ढोलाच्या मधोमध. निळा म्हणजे 'का', ढोलाच्या कडेवर. तबल्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, शाई आणि चाट, म्हणजे मध आणि कड, याच दोन जागांवर आमचं आयुष्य जातं. ठोका डावीकडच्या वर्तुळात पोचला की तो वाजवायचा. मोठा ठोका आला की दोन्ही हातांनी. पिवळी पट्टी आली की ती संपेपर्यंत वाजवतच राहायचं. प्रत्येक ठोक्याला शेरा मिळतो: चांगला, ठीक, चुकला. सगळ्यात अवघड पातळीचं नाव 'ओनी', म्हणजे राक्षस, आणि ती खरोखरच राक्षसी आहे.

'दोन' मी अंगठ्यांनी वाजवतो, 'का' खांद्यावरच्या बटणांवर तर्जनीने. अनामिका मशीनच्या पाठीमागे नुसती टेकलेली असते. तेव्हा "बोटं बरी चालतात की" याचं सोपं उत्तर हे, की जे बोट चालत नाही त्याला तिथे कामच नाही. इतकी वर्षं मी हेच उत्तर देत आलो आणि लोक गप्प बसले. पण हे उत्तर अर्धं आहे, आणि ते अर्धं का आहे हे मला माझ्या गुरुजींच्या घरी कळलं.

गुरुजींचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं. बाळीवेशीतल्या जुन्या वाड्यात राहायचे. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की तुमचा शिष्य तबल्याला हात लावत नाही आणि रात्र रात्र गेम खेळत बसतो. त्यांनी निरोप पाठवला, "ये, आणि ते घेऊन ये." मी गेलो. पिशवीत पीएसपी होती आणि एक पातळ रबरी हातमोजा होता. मोज्याची गोष्ट अशी, की या आजारात कातडीला होणारा स्पर्श बदलला तर मेंदू कधीकधी थोडा वेळ फसतो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घालून बघा. घरी दार लावून मी तो घालून वाजवायचो.

त्यांनी स्वतःची तबला-डग्ग्याची जोडी समोर ठेवली. ज्या जोडीवर मी 'ना' शिकलो ती. म्हणाले, "तिरकिट. बरोबरीत. घाई नको." मी हात ठेवला. दुसऱ्या आवर्तनाला अनामिका आत गेली. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. मग मी मोजा काढला आणि घातला. गुरुजींसमोर, त्यांच्या तबल्यावर, हातात दवाखान्यातला मोजा घालून बसायचं, याची मला किती लाज वाटली ते सांगता येणार नाही. पण वाजवलं, आणि वाजलं. सहा-सात आवर्तनं स्वच्छ. मोज्यामुळे नाद बुजला होता, तरी प्रत्येक अक्षर जागेवर पडत होतं. गुरुजी गुडघ्यावर हाताने ताल द्यायला लागले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मलाही वाटलं, आता सुटलं. मग बोट हळूच वळलं. त्यांचा हात दोन मात्रा पुढे जाऊन थांबला.

"आता ते दाखव," म्हणाले. मी पीएसपी चालू केली, एक गाणं ओनीवर लावलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. गाणं चालू असतानाच त्यांनी हात पुढे करून माझी अनामिका दोन बोटांत धरली आणि हलवून पाहिली. सैल होती. मग म्हणाले, मशीन ठेव, मांडीवर तिरकिट वाजव. वाजवलं. तिन्ही बोटं सुटी, ठोका बरोबर. चटईवर वाजवायला सांगितलं. बरोबर. डाव्या हाताने वाजवायच्या डग्ग्यावर उजवा हात ठेवायला सांगितला. बरोबर. परत तबल्यावर. आत.

हे डॉक्टरांनीही केलं होतं. त्यांनी मला जोडी घेऊनच बोलावलं होतं, कारण वाजवताना पाहिल्याशिवाय हा आजार पकडता येत नाही. त्याआधी नसांची तपासणी झाली होती, ती नॉर्मल आली होती. पण डॉक्टरांसमोर ती तपासणी होती. इथे मला पहिल्यांदा दिसलं, की अनामिकेला काम आहे की नाही, हा प्रश्नच नाही. मांडीवर तिला पूर्ण काम होतं आणि तिने ते केलं. तिला फक्त त्या एका कातड्यावर काम करता येत नव्हतं, आणि त्याच कातड्यावर मी तिच्याकडून सगळ्यात जास्त काम करून घेतलं होतं.

गुरुजींना माझ्या आधी कळलं. ते म्हणाले, "मी तुझ्याकडून जास्त करून घेतलं का रे?"

मी म्हणालो, "नाही गुरुजी."

"खरं सांग. तुला बाकीच्यांपेक्षा जास्त बसवलं मी. पहाटेचं. हात दमला म्हणायचास तेव्हा उठू दिलं नाही."

मी परत नाही म्हणालो. अतिरियाज हे एक कारण असू शकतं, हे मी तोवर वाचलेलं होतं. प्रवृत्ती अंगातच असावी लागते असंही म्हणतात, कारण तितकाच रियाज करणारे माझे गुरुबंधू आजही ठणठणीत वाजवतायत. आणि बोट पहिल्यांदा अडलं तेव्हा रियाज दुप्पट कुणी केला? गुरुजींनी नाही, मीच. शिकवणंच तसं होतं, की हात अडला तर जास्त बसायचं. म्हणजे बोट परत त्यांच्याकडेच जातं. मी 'नाही' म्हणालो ते खरं होतं की त्यांच्या वयाला सांभाळून म्हणालो, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आता ते नाहीत.

जाताना त्यांनी मशीन कानाशी धरलं. एक गाणं पूर्ण ऐकलं. म्हणाले, "सगळं चार मात्रांतच आहे की. आणि सम आली तरी कुणी मान हलवत नाही." सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, मैफलीत तिथे माना हलतात; त्यांचा आक्षेप नेमका तिथेच होता. साथ म्हणजे समोर माणूस हवा. गायक जरा मागे रेंगाळला तर त्याला धरायचं, पुढे पळाला तर ओढायचं नाही. यंत्र रेंगाळत नाही आणि तुमच्यासाठी थांबतही नाही. ठोके आधीच लिहिलेले असतात.

पंचविशीतला मी हेच म्हणाला असता, आणि आणखी जोरात. विद्यार्थ्यांना मी तेव्हा तालमाला, म्हणजे ठेका वाजवणारं यंत्रही लावू द्यायचो नाही. लय माणसाकडून घ्या, म्हणायचो. तो मुलगा आज मला भेटला तर माझ्याकडे बघणारही नाही. त्याला मी एवढंच सांगेन, की बाबा रे, तुझा हात तुझ्या ताब्यात होता म्हणून तुला ते बोलणं परवडलं. ठोका पडण्याच्या आधी एक क्षण असतो. हात वर आहे, मात्रा यायची आहे आणि आपण तिथे वेळेवर पोचणार हे अंगाला माहीत आहे. सगळं वादन त्या क्षणासाठी असतं. तबल्यावर त्या क्षणी मला आता भीती वाटते. बोट वळायच्या आधी भीती येते, आणि बोट बहुतेक तिच्यामागूनच वळतं. पीएसपीवर तो क्षण मला जसाच्या तसा मिळतो. उजवा हात, वेळेवर, न घाबरता. इतर कुठेही मिळत नाही. आणि चुकलो तर मशीन 'चुकला' म्हणतं आणि पुढचा ठोका पाठवतं. माझ्या बोटाकडे वाकून बघत नाही. शेवटच्या काही कार्यक्रमांत गायकापासून पुढच्या रांगेपर्यंत सगळे माझ्या बोटाकडेच बघत होते.

यावर तो मुलगा म्हणेल, मग त्याला वादन म्हणू नकोस. मी म्हणत नाही. पण नुसती करमणूकही म्हणवत नाही.

पूर्व भागात माझा क्लास अजून चालतो. डग्ग्याला काही झालेलं नाही, बोल तोंडाने म्हणतो, उजव्या हाताचं मोठी मुलं वाजवून दाखवतात. गल्लीत पलीकडे यंत्रमाग आहेत. माग चालू असले की त्यांचा सरळ ठोका भिंतीतून आत येतो आणि झपताल शिकणारी मुलं वाहवत जातात. धी ना, धी धी ना: दोन-तीन, दोन-तीन. त्यातलं तीनचं पोट माग खाऊन टाकतो आणि दहा मात्रांचे आठ होऊन जातात. एका मुलीचं हे फारच होतं. तिने माझ्याकडे पीएसपी मागितली. तिचं म्हणणं, ठोका नजरेसमोर येताना दिसला तर कानातला माग विसरता येईल. मी म्हणालो, त्यात बहुतेक सगळं चारातच आहे, तुला दहा सांभाळायचेत, उलट मागाचंच काम सोपं होईल. ती म्हणाली, दहा मी मोजेन सर, मला फक्त वाहवून न जाण्याची सवय करायचीय. तिचा मुद्दा चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. तो बरोबर आहे असंही वाटत नाही. शिवाय तिचा हात चांगला आहे, बसते खूप, आणि हल्ली ती दमली म्हणाली की मी तिला उठवतो. तिला त्याचा राग येतो. सध्या तोडगा असा, की माग चालू असताना तिने दहा मिनिटं झपताल धरून दाखवायचा, मग मशीन आठवडाभर तिचं. ही अट उलटी आहे असं ती म्हणते: धरता आला असता तर मशीन मागितलंच कशाला असतं? आमचा वाद अजून चालू आहे.